विमलमावशींकडची रविवारची भुतं

भुतांचे किस्से सांगायला बसलं की एकावरून दुसरा निघतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि चहा गार होतो. आमच्या पाच जणांच्या कंपूचं तर विचारूच नका. आजही कुणाचा फोन आला की तब्येतपाणी दोन मिनिटांत आटोपतं आणि मग ‘ते खुर्च्यांचं आठवतं का गं?’ सुरू! दर वेळी किस्सा थोडा वाढतो. इथे मी वाढीव भाग वगळून सांगतेय. निदान तसा प्रयत्न आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य, गाव अमेरिकेतलं ॲन आर्बर. मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. दर रविवारी दुपारी चार वाजता पब्लिक चॅनेलवर जुन्या ब्रिटिश भीतीच्या मालिका लागायच्या आणि आम्ही विमलमावशींकडे जमायचो. मावशी मूळच्या नागपूरच्या, हॉस्पिटलात नर्स. इथे येण्याआधी सहा वर्षं इंग्लंडात लीड्सला होत्या, त्यामुळे तोंडातल्या तोंडात बोललेलं ते इंग्रजी फक्त त्यांनाच कळायचं. पोहे परतता परतता त्या आम्हाला सगळं मराठीत सांगायच्या. त्यांची अकरा वर्षांची मिनल, पुण्याहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला सदानंद आणि रिटायरमेंटला टेकलेले इंजिनिअर दांडेकरकाका, ही बाकीची मंडळी.

हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती आणि समोर टीव्हीवर किंकाळ्या! ‘आमच्याकडे भूतबित मानत नाहीत,’ मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ‘पण बघायला काय जातं!’

या मालिकांत भूत दाखवायचेच नाहीत. पुठ्ठ्याच्या भिंती, एक जिना, एक बंद दार. कॅमेरा त्या दाराकडे दोन-दोन मिनिटं बघत बसायचा. अमेरिकन सिनेमात रक्ताचे पाट वाहत असताना मी खुशाल पॉपकॉर्न खाल्लेत. पण त्या दाराकडे बघताना पोह्यांचा घास तोंडातच राहायचा.

*

एका गोष्टीत दलदलीकाठच्या घरात एक शिक्षिका एकटीच राहायला येते. रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची जास्त! बास, एवढंच. कुणी बसत नाही, कुणी बोलत नाही. शेवटच्या सकाळी सगळ्या खुर्च्या तिच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मांडलेल्या असतात.

‘काहीतरीच!’ दांडेकरकाका वैतागले. ‘खुर्च्या आणतंय कोण? त्या दारातून मावतात तरी का?’ लॉजिकच्या बाबतीत काका फार कडक.

मंगळवारी काकूंचा मावशींना फोन. ‘विमलताई, ह्यांना काय दाखवलंत हो? जेवायच्या आधी खुर्च्या मोजतात. काल एक उचलून गराजमध्ये ठेवून आले. आता मी उभ्यानं जेवू का?’

*

त्या मालिकांच्या म्युझिकनं माझ्या अंगावर काटा यायचा. ताटावर सुरी ओढल्यासारखा एकच सूर, लांबच लांब. सदानंदच्या लॅबमधला पंप नेमका त्याच सुरात वाजायचा. एका संध्याकाळी तळघरात तो एकटाच होता. त्यानं सरळ पंप बंद केला आणि वर पळाला. तीन दिवसांचा एक्स्पेरिमेंट वाया!

‘का बंद केलास?’ गाइडनं विचारलं.

‘सर,’ सदानंद म्हणाला, ‘आता सुरू होणार होतं.’

*

थंडीत साडेपाचलाच काळोख पडायचा. मला बसस्टॉपपर्यंत जायची हिंमत नसायची. मिनल म्हणायची, ‘इट्स जस्ट अ स्टोरी, वैशूमावशी. आय विल वॉक यू.’ बसस्टॉपवर पोचल्यावर मला वाटायचं, एवढीशी पोर एकटी परत कशी जाणार? म्हणून मी तिला घरी सोडायला यायची. मग ती परत मला सोडायला. एकदा अशा तीन फेऱ्या झाल्या.

चौथ्या वेळी मावशी दारातच उभ्या होत्या. ‘आता दोघी आत या,’ त्या म्हणाल्या. ‘शेजारी विचारतायत, ह्या बायका शोधतायत काय?’

*

आता टेपचं.

नवरा गेल्यापासून नोकरी आणि मिनल, दोन्ही मावशींच्या एकटीच्या अंगावर होतं. सहा वर्षं नागपूरला जाणं झालं नव्हतं. मे महिन्यातलं भाच्याचं लग्नही हुकलं. ऑगस्टमध्ये कुणाबरोबर तरी भावानं त्या लग्नाची व्हिडिओ टेप पाठवली. भावाकडे व्हीसीआर नव्हता, त्यानं स्वतः ती बघितलेली नव्हती. पण चिठ्ठी होती: ‘आई कॅमेऱ्यात बघून तुझ्याशी बोलली आहे.’

मावशींनी नवी साडी नेसून टेप लावली. नुसत्या रेघा! करड्या रेघा वरून खाली धावतायत आणि खरखर. आम्ही आपले दहा मिनिटं बघत बसलो. आम्हाला काही न दिसण्याची सवयच झाली होती ना!

‘आता येईल, मावशी,’ सदानंद कुजबुजला. ‘हे लोक हळूच सुरू करतात.’

मावशी खूप हसल्या. मग टेप काढून शेल्फवर ठेवली. ‘खराब निघाली,’ एवढंच म्हणाल्या.

*

यानंतरचं सांगायला मला अजून लाज वाटते.

सप्टेंबरात एका रविवारी मावशींची ड्यूटी होती. घरात मी आणि मिनल. दीड तासाचं स्पेशल नाटक लागणार होतं आणि मावशींसाठी ते रेकॉर्ड करायचं होतं. कोरी टेप सापडेना. शेल्फवर ‘खराब’ टेप होती. मी तीच घातली.

ऑक्टोबरात मावशींची आई गेली. नुसता फोन आला. जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी चार दिवस सुट्टी घेतली आणि पाचव्या दिवशी कामावर गेल्या. आमच्यासमोर रडल्या नाहीत.

दांडेकरकाका तेव्हा भारतात होते. नोव्हेंबरात परतल्यावर भेटायला आले आणि टेपचं कळताच म्हणाले, ‘अहो विमलताई, ती खराब नाही! आपल्याकडची टीव्हीची सिस्टिम वेगळी, इथली वेगळी. डेट्रॉइटजवळ एक दुकान आहे, ते बदलून देतात. आई दिसेल तुम्हाला!’

मावशींचा चेहरा उजळला. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. मावशी शेल्फकडे बघत होत्या.

‘किती वेळ रेकॉर्ड केलंस, वैशू?’

‘दीड तास.’

‘शेवटी काही उरलं असेल?’ त्यांनी काकांना विचारलं.

‘उरलं असेल,’ काका म्हणाले. ‘पण इथे रेघाच दिसतील.’

‘दिसू देत.’

*

फास्ट फॉरवर्ड करायला मावशींनी मनाई केली. ‘तुटली तर?’ म्हणून आम्ही पाचही जण ते नाटक पहिल्यापासून बघत बसलो. त्यात काय होतं ते आज आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. मावशींनी त्या दिवशी मराठीत काही सांगितलं नाही. बाहेर बर्फ पडत होता. मिनल नेहमीप्रमाणे कार्पेटवर अनवाणी बसली होती.

नावं वर सरकली. पडदा काळा झाला. मग रेघा आल्या. मधूनच काहीतरी पांढरं हलल्यासारखं वाटायचं, पदर असावा.

आणि आवाज आला. बारीक, किनरा, भरभर. खोलीत उंचावर कुठेतरी चिमणी अडकल्यासारखा.

‘इथल्या मशीनवर ती टेप जोरात पळते, म्हणून तसं ऐकू येतं,’ काका हळूच म्हणाले. एक शब्द लागत नव्हता. मावशी सरकत सरकत टीव्हीला खेटून बसल्या.

मिनल उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या पायात लोकरीचे मोजे होते.

‘कुठे गेली होतीस?’ मी विचारलं.

‘आजी सेड, पुट युवर सॉक्स ऑन.’

मिनलला मराठीतलं ‘पाणी’ आणि ‘बस’ यापलीकडे फारसं कळायचं नाही. मावशी वळल्या. ‘तुलाही तेच ऐकू आलं?’ त्यांनी विचारलं, आणि मिनलला जवळ घेऊन त्या रडायला लागल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं, आमच्या सगळ्यांसमोर. मीही रडले. अकरा मिनिटांनी टेप संपली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी ती दुकानात दिली. दुकानदाराचं मशीन बंद पडलेलं, त्याचा पार्ट यायचा होता. हातात टेप आली ती थेट जूनमध्ये. आम्ही पुन्हा जमलो. या वेळी चित्र स्वच्छ, रंगीत. नागपूरचा मे महिना, मांडव, आणि पत्रिकेनं वारा घेत बसलेली मावशींची आई. तिनं घाम पुसला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बोलायला लागली. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

काकांनी व्हॉल्यूम पूर्ण वाढवला. नुसती खरखर.

मावशींनी नागपूरला फोन लावला. भावाचं बोलणं ऐकून घेतलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

‘त्या व्हिडिओवाल्याच्या माइकची वायर तुटली होती म्हणे,’ त्या म्हणाल्या. ‘अख्ख्या लग्नात आवाज आलेलाच नाही. तो आत्ता कबूल करतोय.’

काकांनी व्हीसीआर मागून बघितला, पुढून बघितला आणि खाली बसले. पडद्यावर आजी अजून बोलत होती. बाहेर इतकं ऊन होतं की आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या.

मिनल टीव्हीसमोर कार्पेटवर बसली होती. तिच्या पायात लोकरीचे मोजे होते.