टाकीच्या तोंडाशी

आमच्या गोदीत माणसे उभ्याने काम करतात, वाकून करतात, पालथी पडून करतात, दोराला लटकूनही करतात. बसून काम करणारे दोनच प्रकार. एक आम्ही कचेरीतले आणि दुसरे बसेसाहेब. बसे हे त्यांचे आडनाव नव्हते. गोदीने बहाल केलेली ती पदवी होती, आणि ती इतकी चिकटली की पगाराच्या दिवशी खरे नाव पुकारले तर आजूबाजूचे लोक इकडेतिकडे बघत, हा कोण म्हणून.

युद्धनौकेच्या तळाशी टाक्याच टाक्या असतात. कुठे इंधन भरायचे, कुठे जहाजाचा तोल राखायला पाणी. प्रत्येक टाकीला वरून एक अंडाकृती तोंड असते. खांदे तिरके केले तर एक माणूस जेमतेम आत उतरेल एवढेच. जहाज बांधून होईपर्यंत वेल्डर, घासणारे, रंगारी यांना त्या अंधारात उतरावे लागते. आत जाणारा आपला पितळी बिल्ला बाहेरच्या फळीवर अडकवतो. बसेसाहेब तोंडाशी एका लाकडी ठोकळ्यावर बसून ते बिल्ले सांभाळत आणि थोड्या थोड्या वेळाने हातोडीने पत्र्यावर ठोकत. आतून उलट ठोके आले की सगळे ठीक.

"काय बसेसाहेब, दमलात का बसून?" आत उतरणारा हमखास विचारी.

"तू धड बाहेर ये, मग सांगतो."

"बायकोला काय सांगता घरी? आज किती वेळ बसलो ते?"

"तुझ्या बायकोला काय सांगावं लागू नये, म्हणून बसतो."

हे शेवटचे वाक्य ते हसून म्हणत, पण ऐकणारा पूर्ण हसत नसे.

त्यांच्या कामाचा एकच नियम होता. आत काहीही होवो, तोंडाशी बसणाऱ्याने उतरायचे नाही. हा नियम सुरक्षा विभागाने भिंतीवर लावला होता, पण बसेसाहेबांना तो वाचायची गरज नव्हती. तरुणपणी ते घासणाऱ्यांच्या टोळीत होते. तेव्हा एका जुन्या जहाजाच्या बंद टाकीचे झाकण उघडले गेले आणि एक जण उतरला. बंद टाकीत लोखंड गंजते आणि गंजता गंजता आतल्या हवेतला प्राणवायू खाऊन टाकते. उरलेल्या हवेला वास नसतो, रंग नसतो, धूर नसतो. उतरलेला माणूस खाली बसला. वरच्याला वाटले, पाय घसरला. तो मदतीला गेला. त्याच्यामागून तिसरा. बसेसाहेब चौथे जाणार होते.

"कोणीतरी मागून पट्ट्याला धरलं," त्यांनी मला एकदा सांगितले. आम्ही गोदीच्या वसाहतीत एकाच जिन्यावर राहत होतो आणि संध्याकाळी खाली पारासारख्या एका कट्ट्यावर बसत असू. "मी लाथा मारल्या, शिव्या दिल्या. त्यानं सोडलं नाही. तिघं माझे दोस्त होते."

"वाचवलं म्हणायचं त्यानं तुम्हाला."

"हो. पण पुढं तो निवृत्त होईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही."

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. वहिनींचे आईवडील लवकर गेले. पाठचा भाऊ त्यांनीच वाढवला, आणि लग्नानंतर तो बरोबरच आला. स्वतःचे मूल झाले नाही. त्यामुळे भाऊच मूल आणि मूलच भाऊ. हा पोरगा मोठा गोड बोलणारा, कामाला वाघ, पण कोणाला नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते. रंगाच्या कंत्राटदाराकडे तो लागला आणि महिन्याभरात सगळी गोदी त्याला मेहुणा म्हणू लागली. वेल्डरांचा मेहुणा, क्रेनवाल्यांचा मेहुणा, अधिकाऱ्यांचासुद्धा.

टाकीत रंगकाम म्हटल्यावर वहिनी आधी नाहीच म्हणाल्या होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही तोंडाशी बसणार असाल तर जाऊ दे. तुमची नजर असली की मला घोर नाही."

बसेसाहेबांनी मान डोलावली. माझ्यासमोर झालेले हे बोलणे. मान डोलावताना त्यांनी वहिनींकडे पाहिले नाही, एवढे मला आठवते.

त्या वर्षी नौदलाला द्यायच्या जहाजाची तारीख दोनदा पुढे गेली होती. तिसऱ्यांदा जाणे शक्य नव्हते. वरून रोज विचारणा होई. धक्क्यावर दिवे बंद होत नव्हते. एका टोळीचे काम संपायच्या आत दुसरी येऊन उभी राही. माणसे जेवताना बोलेनाशी झाली. मी खरेदी विभागात. तोफा, रडार, पंप, केबल, सगळ्याच्या फायली आमच्या टेबलांवरून जात, आणि त्या महिन्यांत त्या अक्षरशः धावत होत्या. एक फाईल मात्र धावत नव्हती. पाठीवर बांधायचे हवेचे संच प्रत्येक जहाजावर ठेवावेत, अशी बसेसाहेबांची आणि सुरक्षा विभागाची मागणी होती. असे संच गोदीच्या पार दुसऱ्या टोकाला, अग्निशमन केंद्रात तेवढे होते. सर्वांत कमी दर देणाऱ्याचा माल चाचणीत नापास झाला, म्हणून निविदा पुन्हा काढावी लागली. पुन्हा काढली तर एकानेच दर भरला, म्हणून तीही रद्द. त्या फाईलमध्ये कुठेही चूक नव्हती. हव्या त्या प्रत्येक जागी सही होती.

"साहेब, आमच्या हवेचं काय झालं?" बसेसाहेब कट्ट्यावर विचारत.

"येतेय."

"नाकाशी यायच्या आत आली म्हणजे मिळवली."

त्या दिवशी मी जहाजाच्या खालच्या डेकवर होतो. एका पुरवठादाराने पाठवलेल्या पंपांवरच्या पाट्या मागणीप्रमाणे आहेत का, ते पाहायचे होते. पलीकडेच बसेसाहेब आपल्या ठोकळ्यावर बसले होते. मेहुणा आणि त्याचा जोडीदार आत उतरायच्या तयारीत होते. जोडीदाराचे नुकतेच लग्न झाले होते आणि मेहुणा त्यावरून त्याची टर उडवत होता.

इतक्यात रंगाचा मुकादम आला. "आत जाताच आहात तर मधल्या भिंतीचं झाकण खोला आणि पलीकडच्या टाकीत जरा बॅटरी मारून बघा, रंग कुठं उडालाय ते. दोन्ही टाक्या एकदम उरकू."

"पलीकडची टाकी कित्येक महिने बंद आहे," बसेसाहेब म्हणाले. "तिथली हवा तपासलेली नाही. झाकणाला हात लावायचा नाही."

"अहो, उतरायचं कुठं म्हणतोय मी? नुसतं बघायचंय."

"मीटर लावून घ्या, पंखा लावा, मग बघा."

"मीटरवाला उद्या येणार. तारीख काय तुम्ही जाऊन सांगणार आहात वर?"

"मी बसलोय त्या तोंडातून आत गेलेला माणूस ते झाकण उघडणार नाही. बास."

मुकादम पुटपुटत निघून गेला. मेहुण्याने बिल्ला अडकवला आणि दाजींच्या गुडघ्यावर थाप मारली. "नाही लावत हात, दाजी. तुम्ही बसा निवांत."

ते दोघे उतरले. हातोडी वाजत राहिली, उत्तरे येत राहिली. मेहुण्याचे ठोके ओळखू येत, कारण तो सरळ कधीच ठोकत नसे, ताल धरी. मी दोन पंप पाहून तिसऱ्याकडे वळलो, तेव्हा हातोडी वाजली आणि एकच उत्तर आले. साधे, तालाशिवायचे. बसेसाहेबांनी पुन्हा ठोकले. या खेपेला काहीच नाही. नंतर शिडीवर धडपडत चढणाऱ्या पायांचा आवाज आला.

जोडीदाराचे डोके तोंडातून वर आले. चेहरा पांढराफटक. "मेहुणा पडला. झाकण खोललं त्यानं. मी म्हटलं दाजी ओरडतील, तर म्हणाला मुकादमाला नाराज कशाला करायचं, दाजींना कुठं कळतंय. डोकं घातलं आणि तसाच आत गेला." एवढे बोलून त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तो परत उतरू लागला.

बसेसाहेबांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उपसून काढले आणि पत्र्यावर आपटले. मग स्वतः टाकीच्या तोंडावर आडवे पाय टाकून बसले. रंगाच्या फवाऱ्यासाठी आणलेला दाबाच्या हवेचा पाईप त्यांनी मांडीजवळच्या फटीतून आत सोडला. सगळे शांतपणे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, फोन. टाकीत माणूस पडलाय म्हणावं. हवेचे संच घेऊन या."

मी फोन केला. पलीकडून निघालो म्हणाले. परत आलो तेव्हा डेकवर माणसे जमली होती.

"सोडा मला!" जोडीदार ओरडत होता. "तुमचा मेहुणा आहे तो! तुमचा!"

"माहीत आहे."

"मी श्वास धरून जातो, लगेच ओढून आणतो."

"तो जड आहे. श्वास सुटेल तुझा."

एका धिप्पाड वेल्डरने बसेसाहेबांच्या खांद्याला धरून त्यांना खेचले. त्यांनी तोंडाच्या कडेचे बोल्ट दोन्ही हातांनी पकडले होते. बोटांतून रक्त आले. "माणूस आहात की दगड?" वेल्डर म्हणाला, आणि त्याने त्यांच्या तोंडावर एक ठेवून दिली. बसेसाहेबांचे डोके हलले, बाकी काही हलले नाही. जोडीदार रडत त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. ते खाली वाकून आत हाका मारत होते, "ऊठ रे राजा. ऊठ. ताई जेवायची थांबलीय. ऊठ की." हाक पत्र्यावरून घरंगळत लांब जाई आणि कुठेतरी विरून जाई.

मी जिना चढून वर गेलो, गाडी दिसते का बघायला. गाडी दिसली. ती धक्क्याच्या वळणावर उभी होती. जहाजाची नवी तोफ क्रेनला लटकत रस्त्यावरून सरकत होती आणि खालची वाहतूक अडवून धरली होती. एवढी अवजड वस्तू मध्येच थांबवता येत नाही, खालून गाडी सोडता येत नाही. क्रेनवाल्याने नियमच पाळला. राखाडी, चकचकीत, कुठेही ओरखडा नसलेली ती तोफ मावळतीच्या उन्हात हळूहळू फिरत होती, आणि संच घेतलेली माणसे गाडीतून उतरून, पाठीवर ते वजन घेऊन, पायी पळत निघालेली मला दिसत होती.

ते आले तेव्हा बसेसाहेब स्वतः बाजूला झाले. मेहुण्याला वर काढले. मागोमाग आलेले गोदीचे डॉक्टर बराच वेळ त्याच्या छातीवर दाबत राहिले. मग थांबले.

चौकशीत बसेसाहेबांचे वागणे योग्य ठरले. ते आत गेले असते किंवा जोडीदाराला जाऊ दिले असते तर आणखी मृत्यू झाले असते, असे तज्ज्ञांनी लिहिले. मुकादमाची नोकरी गेली. हवेचे संच तातडीची खरेदी म्हणून एका आठवड्यात आले. जहाज ठरल्या तारखेला नौदलाच्या ताब्यात गेले. बँड वाजला, भाषणे झाली. पुढच्या जहाजाचा तळ शेजारच्या धक्क्यावर तयारच होता.

त्या जहाजावर बसेसाहेब पुन्हा तोंडाशी बसू लागले. आता थट्टा कोणी करीत नसे. उलट टाकीत उतरायची पाळी आली की माणसे विचारत, तोंडाशी कोण आहे, आणि ते असले तर बिनबोभाट उतरत. ज्या वेल्डरने हात उगारला होता, तोसुद्धा. मात्र वर आल्यावर त्यांच्याशेजारी कोणी बसत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी असे.

घरात वहिनी स्वयंपाक करीत, वाढीत, दार लावीत, दार उघडीत. जिन्यावर भेटल्या तर माझ्या पत्नीशी बोलत. त्या घरातून बोलण्याचा आवाज मात्र आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येईनासा झाला.

मग एका सुट्टीच्या दिवशी जोडीदार आपल्या बायकोला घेऊन आला. बायकोला दिवस गेले होते. बसेसाहेबांनी मलाही हाक मारून बोलावले. त्यांना बहुधा एकट्याने हे निभावायचे नव्हते. जोडीदार वाकून त्यांच्या पाया पडला, बायकोही पडू लागली, तिला त्यांनी थांबवले. आम्ही बसलो. वहिनींनी चहा आणला आणि एकेकाच्या हातात कप दिला. नवऱ्याचा कप टेबलावर ठेवला.

"यांच्यामुळं मी आज इथं आहे, वहिनी," जोडीदार म्हणाला. "मी मारलं त्यांना त्या दिवशी. मला माफ करा म्हणायला आलोय."

वहिनी उभ्याच होत्या. "तुम्ही आत जाणार होता ना?"

"हो. निघालोच होतो."

"तो पडलाय, आत गेलं तर आपणही मरू, हे ठाऊक होतं?"

जोडीदाराने बसेसाहेबांकडे पाहिले. मग खाली बघत म्हणाला, "ठाऊक होतं. पण तेव्हा काही सुचलं नाही."

वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. "तुम्हाला तरी जावंसं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

जोडीदाराची बायको कप हातात धरून बसली होती. चहा तिने अजून तोंडाला लावला नव्हता. बसेसाहेब तिच्याकडे वळले.

"घे बाळ," ते म्हणाले. "गार होतोय."