काटेवाले आणि खुर्चीची चाचणी

काटेवाल्यांनी एकतीस वर्षं वजनमापं तपासली. भाजीच्या तराजूपासून पेट्रोल पंपापर्यंत जिथे म्हणून मापात पाप करता येतं, तिथे ते न कळवता जाऊन उभे राहायचे. पारड्याच्या बुडाशी मेण चिकटवलंय का, वजनातलं शिसं उकरून काढलंय का, हे त्यांना हात लावताच कळे. दुकानदारांनी ठेवलेलं नाव पुढे घरच्यांनीही उचललं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते दुकानात शिरले की वाणी चिमूटभर साखर जास्तच टाकायचा.

त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी पहिला संशय घेतला तो डॉक्टरवर. मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा. तिघांनी एकच सांगितलं: पार्किन्सन, म्हणजे कंपवात. तिघांचं उत्तर तंतोतंत जुळलं, तेव्हा काटेवाल्यांना वाटलं, हे तिघे एकमेकांना ओळखत असणार.

पण आजार काही कुणाला विचारून वाढत नाही. दोन वर्षांत शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागायला लागली. आवाज बसला. सगळ्यात वाईट म्हणजे दारात पाय खिळायचे. पलीकडे बाथरूम दिसतंय, जायचंही आहे, आणि पाय मात्र जमिनीला चिकटलेले. दोनदा ते तिथेच पडले.

दवाखान्यातून बायकोने एक कागद आणला. पार्किन्सन असलेल्यांसाठी व्यायामाचा वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, विनामूल्य. एका निधीने त्यासाठी नऊ महिन्यांचे पैसे दिले होते. चांगला परिणाम दिसला, तर आणखी तीन वर्षांचे मिळणार होते.

काटेवाल्यांनी कागद उजेडात धरला, मागून-पुढून पाहिला. फुकटात कुणी काही देत नाही, यामागे औषधवाले असणार, नाहीतर आपल्यावर प्रयोग करणार, असं त्यांचं मत पडलं.

"मग जाऊन चोर पकडा," बायको म्हणाली. "घरात बसून माझी मापं काढता, त्यापेक्षा बरं."

म्हणून काटेवाले गेले. व्यायामासाठी नव्हे, चोर पकडायला.

हॉलच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या, एकेका पावलाच्या अंतरावर. भिंतीला खुर्च्या. वर्ग घेणारी बाई पस्तिशीची, फिजिओथेरपिस्ट, आवाज खणखणीत. सगळे तिला ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा. ती सगळ्यांना पट्ट्यांवरून गुडघे उचलून चालायला लावी, हातमोजे चढवून पिशवीवर ठोसे मारायला लावी, आणि मोठ्याने आकडे म्हणायला लावी, कारण या आजारात आवाजही आक्रसतो.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाची चाचणी झाली. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काटेवाल्यांना चोवीस सेकंद लागले. तिने ते त्यांच्या नावापुढे लिहिलं. आकडा बरोबर लिहिलाय ना, हे त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

पहिला संशय त्यांना हजेरीपटावर आला. नावं बावीस, आणि माणसं कधी सोळाच्या वर नाहीत. ही लबाडी त्यांच्या ओळखीची होती. सहा नावं खोटी, आणि त्या सहांच्या नावावर निधी उचलायचा. त्यांनी गैरहजर सहा जणांचे पत्ते मिळवले आणि बायकोचा हात धरून एकेक घर गाठलं. पाचव्या घरी तीन जिने होते. वर एक निवृत्त पोस्टमन पलंगावर पडून होता. वर्गाच्या दुसऱ्याच आठवड्यात न्हाणीघरात पडला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं. त्याने काटेवाल्यांचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "तुमचेही पाय असेच चिकटतात का?" काटेवाल्यांना पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर कुणाला तरी खरं द्यावंसं वाटलं. ते तासभर तिथे बसले.

सहाही नावं खरी निघाली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. चोर सापडला नाही म्हणून उपाशी राहणारा माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय, असं बायकोने ऐकवलं.

दुसरा संशय खुर्चीवर. सहाव्या महिन्यात त्यांना वाटलं की चाचणीची खुर्ची बदललीय. बसायची जागा दोन बोटं उंच केली, की उठायला सोपं जातं. त्यांनी लवकर जाऊन तिची उंची मोजली, आणि जुन्या फोटोतल्या खुर्चीशी ताडून पाहिली. तीच खुर्ची, तीच उंची.

मधल्या काळात एक गोष्ट घडत होती, ती मात्र ते कबूल करत नव्हते. बायकोने बाथरूमच्या उंबऱ्यावर हॉलसारखी लाल चिकटपट्टी लावली होती. ती ओलांडायची असं मनात धरलं, की पाय सुटायचा. दोन महिन्यांत ते पडले नव्हते. याचं श्रेय त्यांनी नव्या चपलांना दिलं.

आठव्या महिन्यात शेवटची चाचणी झाली. सोळाच्या सोळा जणांचा वेळ घटला. काटेवाल्यांचे चोवीसचे पंधरा सेकंद झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काटेवाल्यांनी वाजवल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी असं एकही दुकान पाहिलं नव्हतं, जिथे सगळीच वजनं एकाच बाजूला झुकतात.

घरी आल्यावर कंपवाताच्या गोळ्यांची डबी उघडताना त्यांना ते दिसलं. पहिली चाचणी सकाळी साडेसातला झाली होती. लवकर या, नाश्ता आणि गोळी नंतर घ्या, असा निरोप होता. रात्रभरात गोळीचा असर उतरलेला असतो, तेव्हा अंग लाकडासारखं असतं. आणि शेवटची चाचणी झाली अकराला, गोळी चढल्यावर.

चार दिवस त्यांनी घरातल्या बोळात स्वतःची चाचणी घेतली. बायको घड्याळ धरून उभी. गोळीआधी तेवीस, चोवीस. गोळीनंतर पंधरा, सोळा. चारही दिवस तेच. नऊ सेकंदांची ती सगळी कमाई गोळीची होती.

"बोलू नका कुणाजवळ," बायको म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण होईल. वर्ग बंद पडला, तर तुम्हीच घरी बसाल."

ती खोटं बोलत नव्हती, हे त्यांना कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी हॉलवर पोचले. ताई एकटीच पट्ट्या नीट चिकटवत होती.

त्यांनी वहीतले चार दिवसांचे आकडे तिच्यापुढे धरले. तिने ते वाचले. नाकारलं काहीच नाही.

"काका, हा आजार वाढतच जातो," ती म्हणाली. "नऊ महिन्यांत माणूस होता तिथेच राहिला, तरी मला ते जिंकल्यासारखं वाटतं. पण त्यांच्या फॉर्मवर 'होता तिथेच राहिला' असा रकाना नाही. सुधारणा किती टक्के, एवढंच विचारलंय."

"म्हणून काटा मारलास?"

"हो."

काटा मारणाऱ्या प्रत्येकाकडे कारण असतं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. कुणाची आई आजारी, कुणाच्या दुकानाचं भाडं थकलेलं. त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला टाळं ठोकलं होतं, आणि तो आजही त्यांच्याशी बोलत नव्हता. पण या वेळी टाळं ठोकल्यावर बाहेर राहणारे ते स्वतःच होते. ते चाचणीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सगळ्यांना परत बोलव. साडेसातला, गोळीआधी. पुढचं पुढे."

निधीकडून एक बाई पाहणीला यायच्या होत्या, त्याला पाच दिवस होते. चाचण्या पुन्हा झाल्या. तिघे सुधारले होते, दोघे घसरले होते, अकरा जण होते तिथेच. काटेवाल्यांचे तेवीस सेकंद आले. आठ महिन्यांत एक सेकंद.

मग त्यांना सुचलं की आपण चुकीचीच गोष्ट मोजतोय. ते एकेकाच्या घरच्यांना विचारत फिरले, रोग्यांना नव्हे, कारण पडल्याचं माणूस लपवतो: वर्गाआधीच्या आठ महिन्यांत हे किती वेळा पडले, आणि वर्गाच्या आठ महिन्यांत किती वेळा? आधी एकतीस. नंतर नऊ, आणि त्यात पोस्टमनचं एक. खाली त्यांनी स्वतःच्या वाकड्या, बारीक होत जाणाऱ्या अक्षरात लिहिलं: "हे आठवणीवरून सांगितलेलं आहे. पक्कं धरू नये."

निधीच्या बाई आल्या, त्यांनी कागद वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणजे सुधारणा नाहीच, असं त्या म्हणाल्या. काटेवाले उठले. आवाज फुटेना, तेव्हा त्यांनी वर्गात शिकवल्यासारखा श्वास भरून घेतला.

"बाई, आधी तुमच्यासाठी दुसरे आकडे तयार होते. सगळ्यांची सुधारणा दाखवणारे. ते खोटे होते, मीच पकडले. हे खरे आहेत. आमच्यात बरं कुणीच होणार नाही. पण आम्ही पडतो कमी. तुमच्या फॉर्मवर पडण्याचा रकाना नाही."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

काटेवाल्यांना त्या हॉलमधलं ते पहिलं माणूस मनापासून आवडलं. बाईंच्या जागी ते असते, तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

तीन वर्षांचा निधी मिळाला नाही. एका वर्षाचा मिळाला, तोही निम्मा. आठवड्याचा तिसरा दिवस बंद झाला. अट घातली की पडल्याची नोंद दर महिन्याला बाहेरच्या माणसाने घरोघरी जाऊन घ्यावी. काही जण काटेवाल्यांवर चिडले. चांगलं चाललं होतं त्यात यांनी माती कालवली, असं एकाने तोंडावर सांगितलं. ताई कित्येक आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. तिच्या जागी तिचं चुकलं होतं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही. ही गोष्ट त्यांना आवडत नसे, पण तशीच राहिली.

पुढच्या वर्षी त्यांच्या हातात काठी आली. चाचणीला सत्तावीस सेकंद लागले.

एका सकाळी एक बाई नवऱ्याला घेऊन हॉलच्या दारात थबकली. नवऱ्याचा उजवा हात थरथरत होता. याने खरंच काही उपयोग होतो का, असं तिने दारातच बसलेल्या काटेवाल्यांना विचारलं.

काटेवाल्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बरं होणार नाही," ते म्हणाले. "कुणी होईल म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. आजच्या दिवस आमच्याबरोबर चालून बघा. पटलं नाही, तर कुणी अडवणार नाही."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि आधी तोच आत शिरला.