बमरोलीच्या गल्लीतील ‘ताव’ प्रकरण

अर्जदार: मी, दत्तात्रय, अर्जलेखक, मुक्काम अमळनेर. ठिकाण: धाकटी बहीण सुमन हिची गल्ली, बमरोली, सुरत. दिनांक: गेला सोमवार व मंगळवार. साक्षीदार: सुमन, शेजारीण कमलबाई आणि आरोग्य-पाहणीच्या निर्मलाबेन.

सोमवारी सकाळी उधन्याला उतरलो. स्टेशनाबाहेर लोचो (चणाडाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) खाल्ला. थोडा सदऱ्यानेही खाल्ला. बमरोलीत सांच्यांच्या (यंत्रमागांच्या) खडखडाटात पत्ता तीनदा विचारावा लागला. घरी सुमनची नात तापाने फणफणलेली.

“दादा, गल्लीमा घरोघर असंच शे,” सुमन म्हणाली. “आज बेन लिखाले येणार शे. ताप लिखाई गया ते डासेसनी फवारणी व्हई.”

निर्मलाबेनचा तक्ता गुजरातीत होता आणि गल्लीतल्या खानदेशी बायांची बोली त्यांना येत नव्हती. गुजराती म्हणजे शिरोरेषा पुसलेली देवनागरी, हे मला ज्ञात असल्याने प्रश्न विचारण्याचे काम मी सन्मानपूर्वक स्वतःकडे घेतले. सुमन आत नातीच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत होती.

प्रश्न होता: घरात कोणास ‘ताव’ येतो काय? ताव म्हणजे संताप. आरोग्याच्या तक्त्यात तो असणे मला शास्त्रशुद्ध वाटले.

“घरात कोणाला राग येतो का?” मी कमलबाईंना विचारले.

“राग? बारा तास सांचावर उभा राहीसन माणूस घर येस. राग येवाले जीव ते राहाले जोयजे, भाऊ!”

दारोदार ‘नाही’ मिळत गेले. निर्मलाबेन ‘ना’ लिहीत गेल्या. सुमनच्या घराचे उत्तर मीच दिले: “आमच्या घराण्यात कोणी तापट नाही.”

मंगळवारी निर्मलाबेन सांगत आल्या, गल्ली फवारणीतून वगळली. सुमनने गल्लीभरातून गोळा केलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांची पिशवी त्यांच्यापुढे ओतली. प्रत्येकीवर ताव. परंतु दवाखान्यात ‘गाव?’ असे विचारल्यावर बायांनी माहेरचे-सासरचे गाव सांगितलेले. दफ्तरी तो सारा ताव पारोळ्याचा नि शिरपूरचा, बमरोलीचा एकही नाही.

“काका, ताव एटले बुखार! तमे शुं पूछ्युं?”

“राग,” मी म्हणालो.

“तो आते माले येस,” सुमन म्हणाली.

फेरपाहणीचा अर्ज त्याच दुपारी देऊन परतीच्या गाडीत बसलो. वीस वर्षे मी लोकांचे म्हणणे लिहीत आलो. काय विचारल्यावर ते तसे म्हणाले, हे कधी लिहिले नाही.

तरी अर्जातील शेवटची विनंती येथेही नोंदवतो: गल्लीत पुन्हा विचारावे, ‘ताप’ या शब्दाने विचारावे, आणि विचारणारा प्रस्तुत अर्जदार नसावा. पोर अजून अंथरुणात आहे. सबब, उत्तर माझ्या पत्त्यावर न धाडता फवारणीच्या गाडीनेच थेट गल्लीत धाडावे.