टक्के पहिल्या पानावर

बीडच्या एका दैनिकात मी डेस्कवर आहे, म्हणजे वार्ताहरांच्या बातम्या तपासते. आकड्यांच्या बातम्यांनी माझं डोकं इतक्यांदा उठलंय, की रोज जेवताना नवऱ्याला एकेक ऐकवते. त्याचं वरण गार होतं, माझे किस्से संपत नाहीत!

गेवराईचा आमचा वार्ताहर बाळू, त्याने एका गावाची बातमी पाठवली, 'डेंग्यूत शंभर टक्के वाढ.' मी फोन केला. "किती पेशंट?"

"दोन."

"आणि आधी?"

"एक. टक्के बरोबर हायत की मॅडम!"

बरोबरच होते! बातमी छापली आणि त्या गावचा आठवडी बाजार मात्र ओस पडला.

नेकनूरकडच्या एका लहान शाळेत दहावीला दोघीच होत्या. एक तापाने फणफणली, नापास झाली. आम्ही छापलं, 'निकाल निम्म्यावर कोसळला!' हेडमास्तर तणतणत ऑफिसात आले. आमचे संपादक अण्णा शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी दोघी पास करा सर. 'निकाल दुप्पट' छापतो की!"

रस्ता रुंदीकरणावर 'जनतेचा कौल' छापला. जनता म्हणजे अण्णांचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप!

एकदा महिनाभर पाऊस नव्हता, मग एका दिवसात सगळा कोसळला. आमचा मथळा, 'पावसाची समाधानकारक सरासरी.' सिरसाळ्याहून फोन आला. "माझं सोयाबीन वाहून गेलं. आता सरासरी कापू का?"

पण कुपोषणाच्या बातमीचा राग अजून जात नाही. ऐन ऊसतोडीच्या हंगामात बाळूने लिहिलं, एका गावात कुपोषित मुलं निम्म्याने घटली. मी भांडले. "अण्णा, अर्धं गाव कारखान्यावर गेलंय, लेकरं आईबापाबरोबर उसाच्या फडात आहेत. वजन कुणाचं केलं?"

"चांगली बातमी आहे, चांगली राहू द्या," अण्णा म्हणाले. पहिल्या पानावर लागली. वर कुणीतरी ती वाचली आणि गावातल्या लेकरांचा जादा आहार बंद केला.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. त्या गावच्या अंगणवाडीच्या सुमनताई एका लेकराला कडेवर घेऊन थेट ऑफिसात आल्या. बाळूही त्या दिवशी ऑफिसातच होता. पोराच्या बरगड्या दिसत होत्या.

"गेली तेवढी समदी माघारी आली. ह्या लेकरायला काय चारू? तुमचा पेपर?"

अण्णांनी चष्मा काढला. पोराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी लाज वाटली.

"बाळू, कॅमेरा घे," ते म्हणाले. "कुपोषणात शंभर टक्के वाढ! ताई, पोराला जरा उजेडात धरा."