किल्लीला बांधलेला गारवा

वैशाखातल्या भर दुपारी ट्रकच्या केबिनचं दार उघडलं, की डिझेलची आणि तापलेल्या रेक्झिनची वाफ तोंडावर येते. आमच्या पांडेसऱ्यात तिच्यात रंगाच्या गिरण्यांचा उग्र दर्पही मिसळलेला असतो. अशाच एका भट्टीत माझ्या थोरल्या भावानं, नानानं, सीटमागच्या निळ्या डब्यातून एक इवलीशी काचेची बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली होती. काय तिचा तो गारवा! सगळं सुरत शहर होरपळत असताना तेवढी दोन बोटांची जागा शांत होती. बाटलीत इन्शुलिन होतं.

नाना ट्रक चालवायचा. सुरतेहून कापडाच्या गाठी भरायच्या आणि पार कलकत्त्यापर्यंत न्यायच्या. मधुमेह जडल्यापासून सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेणं आलं, आणि हे औषध उन्हात राहिलं की निर्जीव पाण्यासारखं होतं. शेजारच्या एकानं दुबईहून विजेवर चालणारा छोटा गार डबा आणला होता, तो नानानं विकत घेतला. वायरमनकडून बॅटरीवरून तार ओढून घेतली. पण उभ्या गाडीत डबा चालू राहिला तर बॅटरी उतरणार, हे नानाला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यानं डब्याचा प्लग आखूड सुतळीनं गाडीच्या किल्लीला बांधून टाकला. इंजिन बंद करून किल्ली ओढली की प्लगही निघालाच पाहिजे! मग डब्यावर ओलं गोणपाट, आणि गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत आतला गारवा टिकून राही. सातवी शिकलेल्या माणसाची ही युक्ती पाहून, महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवणारी मी खजील झाले होते.

त्या वैशाखात एका सकाळी गिरणीच्या आवारात भरलेली गाडी काही केल्या सुरू होईना. हमालांनी धक्का मारून ती चालू केली. तेवढ्यात गाडीचे मालक आले. त्यांना केबिनमध्ये निळा डबा दिसला, आणि न्यायनिवाडा तिथल्या तिथे झाला. "आ डब्बो बॅटरी खाई जाय छे! तुं गाडी चलावे छे के शरबतनी दुकान?" नानानं किल्ली दाखवली, सुतळी दाखवली. बघतो कोण? डबा काढ, नाहीतर गाडीवरून उतर, एवढाच हुकूम. आणि हे बोलताना शेठची स्वतःची मोटार फाटकाशी उभी होती, रिकामी, इंजिन चालू, काचा बंद. का, तर परत बसताना आत गार असावं! अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. गारवा ही चैन आहे की गरज, हे ठरवायचा अधिकार नेहमी थंड खोलीत बसणाऱ्यालाच का असतो? घाम गाळणाऱ्यानं थंड पाण्याची इच्छा धरली की ती थेरं, आणि औषध थंड ठेवलं की ते सरबताचं दुकान!

दुपारी नाना डबा ठेवायला जवळच बमरोलीला माझ्या घरी आला. ओट्यावर डबा ठेवून आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाला, "त्या डबामा मना जीव शे, बहीन. शेठले कोन सांगी?" मग त्यानं एक लहान मडकं मागितलं. ओल्या फडक्यात बाटल्या गुंडाळल्या, मडक्यात ठेवल्या आणि निघाला.

तिसऱ्या दिवशी, नागपूरच्या पुढे एका ढाब्यावर, तीच गाडी पुन्हा बंद पडली. डबा तर माझ्या ओट्यावर होता! नाना उन्हातान्हात मिस्त्री शोधत कोसभर चालला, वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तसाच तापल्या डांबरावरून गेला आणि पायाला फोड आला. मिस्त्रीनं बॅटरीची झाकणं उघडली तर आत पाणी आटलेलं, पत्रे झिजून गेलेले. बॅटरी कधीचीच मेली होती. कामचलाऊ जुनी बॅटरी मिळेपर्यंत गाडी दीड दिवस तिथंच उभी राहिली. मडकं वाळून कोरडं पडलं. बाटल्या इतक्या तापल्या, की नाना टोचत राहिला, पण साखर उतरेना. पायाच्या फोडाची जखम झाली, आणि जखम काही भरेना.

बारा दिवसांनी तो पायाला चिंधी बांधून परतला तेव्हा हसतच म्हणाला, "डबा ते तुना घरमा व्हता. मंग बॅटरी कोनी खादी?" आठवड्यानं सरकारी दवाखान्यात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. क्लच दाबायचा पाय तो! शेठनं नवी बॅटरी बसवली आणि डब्यालाही परवानगी दिली. चुकलं, हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही. या माणसावर मी किती वर्षं जळत राहिले म्हणून सांगू! शाळेत, घरी, बाजारात, ऐकणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगितली.

पण सांगताना एक गोष्ट मी दर वेळी गाळत आले, ती आज तुम्हाला सांगते. त्या दुपारी नाना डबा उचलून परत दाराकडे वळला होता. म्हणाला होता, मी शेठले सांगस, डब्याबिगर गाडी नाही. तेव्हा मीच त्याच्या हातातून डबा काढून घेतला. नोकरी जाईल रे नाना, म्हटलं, एक खेप बिनडब्याची कर, काही होत नाही. मी विज्ञान शिकवते, म्हणून त्यानं माझं ऐकलं.