पाठीवरचा निळा हात

सकाळी साडेसातला कुंदाच्या मुलीचा, मुग्धाचा फोन आला. "मावशी, मम्मी चली गई... नींद में ही." मुग्धा लखनऊतच वाढलेली, मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. मी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि चार घरं ओलांडून गेले. कुंदा कुशीवर झोपली होती, नेहमीसारखी उशीखाली हात घालून. याला महिना झाला. अजूनही दुपारी चहाला मी दोन कप काढते आणि मग स्वतःवरच चिडते.

अलीगंजच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. माझे यजमान एअरफोर्समधून रिटायर होऊन इथेच राहिले. कुंदा आणि तिचे सुधीरराव दोघंही बँकेत. स्कूटर कुंदा चालवायची, सुधीरराव मागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेस्ट इंडीजचा स्कोअर सांगायचे. त्या टीमचं त्यांना वेडच होतं. लहानपणी रेडिओवर तिथल्या मॅच ऐकताना त्रिनिदादच्या कार्निव्हलचं कानावर पडलेलं, तेव्हापासून एकच घोषा. "रिटायर झालो की कुंदाला तिथल्या रस्त्यावर नाचवणार." कुंदा म्हणायची, "आधी चौकात तरी न्या." रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती, तेव्हा ते अचानक गेले.

आता जे लिहायला जड जातं ते लिहिते. त्यानंतरच्या होळीला गल्लीतल्या आम्ही बायका गुलालाची थाळी घेऊन घरोघरी निघालो होतो. कुंदा दारात उभी होती, कपाळ जरासं पुढे करून. इथल्या बायका माझ्याकडे बघत थांबल्या. तुमच्यात विधवेला रंग लावलेला चालतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माझी बोटं गुलालात होती... आणि मी हात मागे घेतला. "बरी आहेस ना?" म्हटलं आणि पुढे सरकले. एरवी शिकलेली म्हणून मिरवणारी मी. पुढच्या होळीपासून कुंदाचं दार बंद. "रंगाची ॲलर्जी आहे गं," म्हणायची. आम्ही दोघींनीही तो विषय कधी काढला नाही. चहा मात्र रोज होत राहिला.

चौसष्टाव्या वर्षी तिने त्रिनिदादचं तिकीट काढलं, एकटीचं. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? होळी दारात येते तेव्हा कडी लावून बसतेस, आणि रंग खेळायला सातासमुद्रापार?"

"सुधीरचं राहिलंय," एवढंच ती म्हणाली.

सणाला नवे कपडे हवेत म्हणून बाईसाहेबांनी चौक बाजारातून पांढराशुभ्र चिकनकारीचा कुर्ता घेतला. तिथे कार्निव्हलच्या पहाटे लोक चिखल आणि रंग फासून रस्त्यावर उतरतात, अंगात मुद्दाम जुनेरं घालून. त्यांच्यात ही पांढरी, काखेत पर्स. परत आल्यावर चहा गार होईपर्यंत सांगत होती. स्टीलच्या पिंपांची वाद्यं कशी गोड वाजतात, दिवसा पिसांचे मुकुट घालून आज्यासुद्धा कशा नाचतात, आणि ती स्वतः "पाय सुजेपर्यंत" कशी नाचली. पहाटेच्या गर्दीत मागून कुणीतरी तिच्या पाठीवर निळ्या रंगाने माखलेला हात ठेवला. वळून बघते तर तिच्याच वयाची बाई, हसतेय.

"तिने काही विचारलं नाही गं," कुंदा म्हणाली. "नाव नाही, नवरा नाही... सरळ हात ठेवला."



तीन आठवड्यांनी होळी आली. सकाळीच बेल वाजली. दारात कुंदा, तोच कुर्ता घालून. धोब्याने हात टेकले होते, पाठीवरचा निळा पंजा निघाला नव्हता. तिने माझ्याकडे पाठ केली. "शेजारी जागा आहे बघ. तुझ्यासाठी ठेवलीय."

"कुंदा, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे. आधी हात लाव, मग रड."

मी पंजा गुलालात बुडवला आणि तिच्या पाठीवर टेकवला. कितीतरी वेळ तो उचलवेना. मग दर होळीला ती तोच कुर्ता घालून यायची. गुलाल धुण्यात निघून जायचा, त्यावरून मला चिडवायची, "तुझा रंग कच्चा आहे बाई, दरवर्षी नव्याने लावावा लागतो." अशा सहा होळ्या आम्ही खेळलो.

परवा मुग्धा आईचं कपाट आवरत होती. कुर्ता घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, ड्रायक्लीन करवा दूँ? वैसे दाग तो जाएगा नहीं." मी नको म्हटलं आणि तो ठेवून घेतला. आता तो माझ्या खोलीच्या दारामागे खुंटीला आहे. निळा हात जसाच्या तसा, शेजारची जागा कोरी.

या होळीला कुणी माझ्या दारात पाठ करून उभं राहणार नाही. थाळी घेऊन मीच निघणार आहे. पहिला हात या कुर्त्यावर, आणि मग मुग्धाच्या कपाळावर... आईला जाऊन वर्ष झालं नाही, चालतं का, असं कुणी विचारायच्या आत.