वरचं गाव, खालचं गाव

माझं माहेर आणि सासर शेवगावकडच्या एकाच ओढ्यावर. माहेर वर, सासर खाली. नव्वदनंतर गावोगाव पाणी अडवायची टूम निघाली आणि माहेरच्यांनी श्रमदान करून ओढ्यावर बंधारा घातला. त्यांच्या विहिरी भरल्या, आमच्या आटल्या. तेव्हापासून टँकरपाशी हंडा घेऊन उभी राहिले की सासूबाईंचं सुरू व्हायचं, "तुझ्या बापानं आमचं पाणी अडवलं." आई एकदा पिशवीभर वांगी घेऊन आली, तर "आमच्याच पाण्याची हायेत की," म्हणत त्यांनी ती चुलीवर चढवली.

ऐकून ऐकून मी थकले होते. मग आमच्याही गावानं बंधारा घालायचं ठरवलं. घमेलं उचलायला सासूबाई सगळ्यांच्या पुढे. दिवसभर माती वाहून संध्याकाळी आम्ही दोघी भरावावर टेकलो. ओढ्याच्या खालच्या अंगाला पुढचंच गाव माझ्या नणंदेचं सासर. मी विचारलं, "आता ताईंच्या गावाला पाणी कसं जायचं?"

त्या पाय चोळत म्हणाल्या, "तू घेतलंस ना ऐकून? ती बी घेईल."